कानातलं हाड आणि निएंडरथल

कानाच्या नळीत हाडासारखा कडक, गुळगुळीत फुगवटा दिसला की आधी तीन प्रश्न विचारा: एका कानात की दोन्ही? एकच की अनेक? बूड रुंद की देठासारखं?

दोन्ही कानांत, पडद्याजवळ, रुंद बुडाचे अनेक फुगवटे म्हणजे बहुधा एक्सोस्टोसिस. एका कानात, देठावरचा एकटा फुगवटा म्हणजे बहुधा ऑस्टिओमा. दोन्ही कर्करोग नव्हेत. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. मळ-पाणी अडकून वारंवार संसर्ग होत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर ड्रिल किंवा छिन्नीने शस्त्रक्रिया करतात.

आता आपल्या कामाचं. एक्सोस्टोसिस थंड पाण्यात वर्षानुवर्षं सर्फिंग करणाऱ्यांत जास्त आढळतो. 2019 मध्ये एरिक ट्रिंकाउस आणि सहकाऱ्यांनी 23 निएंडरथलांचे अवशेष तपासले. जवळपास निम्म्यांत तो होता. मग ते पाण्यातून अन्न मिळवत होते? असू शकेल. पण जलस्रोतांची जवळीक किंवा थंड हवामान यांच्याशी स्पष्ट मेळ बसला नाही, म्हणून त्यांनी आनुवंशिकतेसारखी कारणंही खुली ठेवली.

'पाण्यामुळे हाड वाढतं' यावरून 'हाड वाढलंय म्हणजे पाणीच' हे सिद्ध होत नाही. तुमच्या प्रबंधात अशी उलटी उडी कुठे आहे, ते आजच शोधा. नाहीतर परीक्षक शोधतील.