भूलतज्ज्ञांची भरती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वैनगंगेकाठच्या पवनीसारख्या तालुक्याच्या गावी तातडीच्या सिझेरियनची वेळ आली आणि भूलतज्ज्ञ उपलब्ध नसला, तर मातेला भंडाऱ्याला किंवा नागपूरला ‘रेफर’ करण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे हे पद कसे भरले जाते, हा विषय वरकरणी प्रशासकीय असला तरी त्याविषयीचे गैरसमज रुग्णांना महागात पडतात.

गैरसमज १ : इंजेक्शन दिले की भूलतज्ज्ञाचे काम संपते.
वस्तुस्थिती : सिझेरियनसाठी सामान्यतः पाठीच्या कण्यात औषध देऊन कमरेखालचा भाग बधिर केला जातो आणि त्यानंतर मातेचा रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो, म्हणून तिच्या उजव्या कमरेखाली उशी सारून गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवरून हलवणे, सलाइन व औषधे देणे आणि ऑक्सिजनच्या पातळीवर सतत लक्ष ठेवणे, हे सारे त्यालाच करावे लागते. शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी आणि नंतरची देखरेखही त्याच्याच कामात मोडते, त्यामुळे मनुष्यबळाचा हिशेब केवळ शस्त्रक्रियेच्या मिनिटांवरून मांडता येत नाही.

गैरसमज २ : एक पद भरले की चोवीस तास सेवा सुरू होते.
वस्तुस्थिती : आठवड्याचे तास १६८ असतात, एका व्यक्तीने ४८ तास काम केले, तरी अखंड सेवेला साडेतीन आणि रजा धरल्यास किमान चार भूलतज्ज्ञ लागतात. एफआरयू, म्हणजे प्रथम संदर्भ सेवा केंद्र, म्हणवून घेण्यासाठी सिझेरियनसह तातडीची प्रसूतिसेवा, नवजात शिशूची काळजी आणि रक्तसाठवणूक ही तिन्ही चोवीस तास उपलब्ध असावी लागतात. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला हे एकट्या भूलतज्ज्ञाच्या बळावर साधत नाही.

गैरसमज ३ : कंत्राटी किंवा ‘ऑन कॉल’ भूलतज्ज्ञ कमी दर्जाचा असतो.
वस्तुस्थिती : शासकीय सेवेतील नियमित, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी आणि प्रत्येक केसमागे मानधन घेणारा, अशा तिघांसाठीही एमडी, डीएनबी किंवा पदविका ही पात्रता आणि वैद्यक परिषदेची नोंदणी सारखीच असते. फरक पडतो तो ओळखीचा, कारण बाहेरून आलेल्या डॉक्टरला त्या थिएटरमधील यंत्र, सक्शन आणि औषधांच्या ट्रेची मांडणी अपरिचित असते. त्यामुळे काम सुरू होण्याआधी लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो की नाही येथपासून राखीव सिलिंडरपर्यंत सर्व पडताळणी होणे अत्यावश्यक ठरते.

गैरसमज ४ : पगार वाढवला की रिकामी जागा भरते.
वस्तुस्थिती : अभियानात ‘यू कोट, वी पे’ ही सोय आहे, म्हणजे उमेदवाराने अपेक्षित मानधन सांगायचे आणि शासनाने वाटाघाटीने ते ठरवायचे. तथापि स्त्रीरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि रक्ताची सोय यांपैकी काहीच नसेल, तर भूलतज्ज्ञाला कामच उरत नाही आणि त्याचे कौशल्य गंजते, म्हणून ही पदे जोडीने भरणे अधिक फलदायी ठरते.

गैरसमज ५ : अमेरिकेप्रमाणे येथेही परिचारिका किंवा तंत्रज्ञ स्वतंत्रपणे भूल देऊ शकतात.
वस्तुस्थिती : अमेरिकेत उच्चशिक्षित परिचारिका भूल देतात आणि अनेक राज्यांत तेही डॉक्टरच्या देखरेखीविना, भारतात मात्र भूलतंत्रज्ञाची भूमिका साहाय्यकाची आहे. भारताने काढलेला मार्ग वेगळा आहे : एमबीबीएस डॉक्टरांना, सुरुवातीच्या आराखड्यानुसार १८ आठवड्यांचे, जीवरक्षक भूलकौशल्याचे प्रशिक्षण देऊन प्रामुख्याने तातडीच्या प्रसूतीसाठी तयार करणे. असा डॉक्टर सर्व शस्त्रक्रियांसाठी तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही.

गैरसमज ६ : भंडाऱ्यात वैद्यकीय महाविद्यालय आले, आता टंचाई संपेल.
वस्तुस्थिती : ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचा समावेश आहे, परंतु एमबीबीएसची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक आणि पदव्युत्तर शिक्षणाची तीन धरल्यास पहिल्या तुकडीतून तज्ज्ञ बाहेर पडायला २०३३ उजाडेल. तोवर आधार घ्यावा लागेल तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या तीन महिन्यांच्या सक्तीच्या जिल्हा निवासी कार्यक्रमाचा, बंधपत्रित सेवेचा आणि खासगी भूलतज्ज्ञांच्या पॅनेलचा.

म्हणूनच भरतीचा आढावा घेताना मंजूर पदे व भरलेली पदे एवढेच आकडे पुरेसे नाहीत. आठवड्यातील किती तासांसाठी भूलतज्ज्ञाचे नाव ड्यूटीच्या तक्त्यावर आहे आणि त्याच्या रजेच्या काळात पर्यायी नाव कोणते, हे विचारल्यावरच रुग्णालयाची खरी क्षमता कळते.