रकाना काढलात? मग बेरजा तपासा!

ताईंनो, आता बऱ्याच गटांचा हिशोब वहीसोबत एक्सेलच्या शीटवरही असतो. समजा, गटाने ठरवलं की यापुढे दंड घ्यायचा नाही. मग ‘दंड’चा रकाना कशाला ठेवायचा, म्हणून आपण तो डिलीट करतो. पण त्या रकान्यावर दुसरी गणितं अवलंबून असतात. ती तीन प्रकारे बिघडतात.

१. दिसणारी चूक: फॉर्म्युल्यात बचत अधिक परतफेड अधिक दंड असे एकेक खण जोडले असतील, तर उत्तराच्या जागी हॅशचं चिन्ह आणि इंग्रजीत ‘रेफ’ येतं. म्हणजे शीटला तो खण सापडत नाही. ही चूक बरी, निदान दिसते तरी.

२. न दिसणारी चूक: ‘सम’ वापरून सगळ्या रकान्यांची एकत्र बेरीज केली असेल, तर शीट काहीच बोलत नाही, बेरीज गुपचूप कमी होते. वर्षभरात ३४० रुपये दंड जमला असेल, तर पेटीत पैसे आहेत पण शीटवर नाहीत. मग बैठकीत सगळ्याजणी कोषाध्यक्ष ताईकडे बघतात, तिचा काही दोष नसताना!

३. भलताच आकडा: ‘व्हीलुकअप’ला आपण ‘५ व्या रकान्यातलं व्याज आण’ असं सांगितलेलं असतं. ४ था रकाना गेला की पुढचे सगळे एक घर अलीकडे सरकतात. आता ५ व्या जागी शिल्लक कर्ज आलं, तर व्याजाच्या जागी तोच आकडा छापला जातो.

म्हणून एवढं करा:

• आधी फाईलची कॉपी करून ठेवा.
• बचत, परतफेड, व्याज आणि एकूण जमा यांच्या बेरजा कागदावर लिहा.
• रकाना काढल्यावर प्रत्येक शीट उघडून ‘रेफ’ शोधा. खाली दुसऱ्या नावाच्या शीट असतील, त्याही बघा.
• कागदावरच्या बेरजा पुन्हा जुळवा. फरक आला तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबा, रकाना परत येतो.
• दोन-तीन सभासदांची पासबुकं हातात घेऊन आकडे ताडून बघा.

आणि खरं सांगू? जुन्या नोंदी असलेला रकाना डिलीट करूच नका. राइट क्लिक करून ‘हाइड’ करा. रकाना नजरेआड होतो, पण हिशोब जागेवर राहतो.