ऑक्सफर्डला नकार देणारा कवी

१९४७ साली स्कॉटिश कवी एडविन मॉर्गन ग्लासगो विद्यापीठातून इंग्रजी घेऊन पहिल्या वर्गात पदवीधर झाले. ऑक्सफर्डची शिष्यवृत्तीही समोर आली होती. ती नाकारून ते ग्लासगोतच अधिव्याख्याते झाले आणि १९८० मध्ये प्राध्यापक म्हणून तिथूनच निवृत्त झाले.

विद्यापीठात ते पहिल्यांदा आले १९३७ मध्ये. इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि रशियनही शिकू लागले. १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धामुळे शिक्षण तुटलं. शस्त्र हाती घ्यायला त्यांचा विरोध होता, म्हणून लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले आणि इजिप्त, लेबनॉन, पॅलेस्टाइन पाहून १९४६ मध्ये वर्गात परतले. रशियन मात्र त्यांनी कधीच सोडली नाही. रशियन क्रांतीचा कवी मायाकोव्हस्की याच्या कविता त्यांनी इंग्रजीत नव्हे, स्कॉटलंडच्या स्कॉट्स बोलीत आणल्या. गावची बोली क्रांतीचा आवाज पेलू शकते, हे त्यातून दिसलं, आणि मला तर ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

प्राध्यापकीत कवी सुकतो, असं म्हणतात. मॉर्गन यांच्या बाबतीत ते साफ खोटं ठरलं. नोकरी स्थिर होती म्हणूनच कवितेत ते निर्धास्त प्रयोग करत राहिले: ध्वनिकविता, अंतराळकविता, ग्लासगोच्या रस्त्यांवरच्या कविता.

आयुष्यातली एक गोष्ट मात्र त्यांना उघड बोलता येत नव्हती. ते समलिंगी होते, आणि स्कॉटलंडमध्ये पुरुषांमधले असे संबंध गुन्हा मानले जात. तो कायदा बदलला १९८० मध्ये, म्हणजे ते निवृत्त झाले त्याच वर्षी. तोवर त्यांच्या प्रेमकवितांमध्ये समोरचं माणूस स्त्री की पुरुष, हे सांगितलेलं नसे. त्याच कविता पुढं स्कॉटलंडच्या शाळांत शिकवल्या गेल्या. स्वतःविषयी ते जाहीरपणे बोलले १९९० मध्ये, वयाच्या सत्तरीत.

मानसन्मान उशिरा आले. १९९९ मध्ये ते ग्लासगोचे आणि २००४ मध्ये स्कॉटलंडचे पहिले राजकवी झाले. त्याच वर्षी स्कॉटिश संसदेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनासाठी त्यांनी कविता लिहिली, पण आजारपणामुळं ती कवयित्री लिझ लॉकहेड यांनी वाचली. २०१० मध्ये ते गेले. शाळकरी वयापासून चिकटवलेल्या कात्रणांच्या सोळा वह्या आणि इतर कागदपत्रं आज ग्लासगो विद्यापीठाच्याच ग्रंथालयात आहेत.

मॉर्गन वाचायचे असतील, तर १९६८ च्या 'द सेकंड लाइफ' या कवितासंग्रहापासून सुरुवात करा.