मासे, भाजी आणि खडीवरचे जिवाणू

ॲक्वापोनिक्समध्ये माशांच्या टाकीतले पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात जाते, भाजीच्या मुळांतून फिरते आणि परत टाकीत येते. माती लागत नाही आणि भाजीला लागणारा नत्र माशांकडून मिळतो. मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. तो साठला तर माशांनाच मारतो. खडीवर वाढणारे नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. हेही माशांना घातकच, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते. मग नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर हे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते मुळे शोषून घेतात. मासे आणि भाजी डोळ्यांना दिसतात म्हणून लक्ष त्यांच्याकडेच जाते. पण हा सगळा डोलारा तोललेला असतो तो या न दिसणाऱ्या जिवाणूंवर.

त्यांची वस्ती बसायला कोमट पाण्यातही चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. म्हणून मासे आणण्याआधी रिकामा संच चालू ठेवून पाण्यात रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने पाणी तपासत राहावे. आधी अमोनिया वाढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते, तेही उतरून नायट्रेट दिसू लागले की संच तयार झाला. नळाचे पाणी थेट भरू नये. त्यातले क्लोरिन जिवाणू आणि मासे दोघांनाही मारते. असे पाणी हवा सोडत एक-दोन दिवस उघडे ठेवले तर क्लोरिन उडून जाते. घरगुती संच सुरुवातीलाच कोलमडतात ते बहुधा हा महिना-दीड महिना न थांबल्यामुळे.

वाफ्यासाठी महाराष्ट्रात सहज मिळणारी काळ्या दगडाची खडी चांगली. ती धुऊन घ्यावी आणि तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्या दगडात चुनखडी आहे. तो दगड पाण्याचा सामू (pH) सतत वाढवत राहील. गच्चीवर संच मांडायचा तर वजनाचा हिशोब आधी हवा. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन, आणि दीड चौरस मीटर वाफ्यातली फूटभर खडी त्याहून जड. स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय हे ओझे स्लॅबवर चढवू नये.

माशांची संख्या ठरवण्याआधी खाद्य ठरवावे. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य पुरते. टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम लागते. दीड चौरस मीटर पालक-पुदिन्याला म्हणजे रोज ६० ते ७५ ग्रॅम. एवढे खाद्य पाच-सहा किलो मासे खातात आणि त्यांना ५०० लिटरची टाकी पुरते. याहून दाटी केली की पंप थोडा वेळ बंद पडला तरी मासे गुदमरतात. पाच-दहा मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाकावे, उरलेले जाळीने काढून घ्यावे. कुजणारे खाद्य थेट अमोनियात भर घालते.

नवख्यांनी कोई किंवा गोल्डफिश पाळणे उत्तम. भाजीला नत्र त्यांच्याकडूनही खाण्याच्या माशांइतकाच मिळतो. रोहू-कटला मोठे होतात, त्यांना लहान टाकी जाचते. तिलापिया काटक असला तरी त्याच्या संवर्धनाला भारतात परवानगी लागते आणि आफ्रिकन मागूरवर तर बंदीच आहे.

पाण्याच्या सामूबाबत झाडे, जिवाणू आणि मासे या तिघांचे एकमत नाही. झाडांना तो ६ च्या आसपास हवा असतो, जिवाणूंना ७ च्या वर. मासे दोन्हींत जगतात. म्हणून ६.५ ते ७ हा मध्यममार्ग. सामू ८ झाला आणि पाणी तापले तर अमोनियाचा विषारी भाग कित्येक पटींनी वाढतो, म्हणजे एकूण अमोनिया तेवढाच असूनही मासे मरू शकतात. दख्खनच्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात साठवलेले पावसाचे पाणी मिसळणे हा सर्वांत निर्धोक उपाय. पुढे जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होत जाते आणि सामू आपोआप उतरू लागतो. तो ६ च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात. अशा वेळी चुन्याची निवळी आणि पोटॅशियम कार्बोनेट आलटून पालटून, थोडे थोडे, अनेक दिवसांत द्यावे. त्यातून झाडांना कॅल्शियम आणि पालाशही मिळते. एकदम मोठी मात्रा दिली तर मासे दगावतात.

उन्हाळ्यात खरी कसोटी प्राणवायूची. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. माशांना ५ च्या खाली चालत नाही, आणि जिवाणू व मुळेही त्याच साठ्यातून घेतात. टाकीवर सावली हवी. तिने शेवाळही आटोक्यात राहते. वर बारीक जाळी लावली की डासही अंडी घालत नाहीत. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी हवा वाढवावी, खाद्य बंद करावे, अमोनिया-नायट्राइट तपासावे आणि ते वाढलेले असेल तर एक तृतीयांश पाणी बदलावे. वीज जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असलाच पाहिजे.

भाजीचे दुखणे पानांवर वाचता येते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी. मत्स्यखाद्यात ते पुरेसे नसते, म्हणून चिलेटेड लोह वेगळे द्यावे लागते. जुन्या पानांच्या कडा करपणे हे पालाशच्या कमतरतेचे लक्षण, टोमॅटोच्या तळाशी काळा डाग कॅल्शियमच्या. मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली तर वाफ्यात गाळ साठला आहे किंवा पाण्यात हवा कमी आहे. वाफ्यात गांडुळे सोडली तर गाळ बराच आटोक्यात राहतो.

कीड पडली की हात फवाऱ्याकडे जातो, आणि तिथेच मासे गमावले जातात. पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे माशांना अत्यंत विषारी. निंबोळी अर्क सेंद्रिय असला तरी माशांना निर्धोक नाही. मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे लावावेत, अळ्या हाताने वेचाव्यात किंवा बीटी जिवाणूंची पावडर वापरावी. संच खोलीत असेल तर झुरळांचा स्प्रेही तिथे मारू नये. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो.

उलट बाजूने माशांची औषधेही संचात टाकता येत नाहीत. प्रतिजैविके जिवाणू मारतात, मिठाने घेवड्यासारखी झाडे वाळतात. अंगावर पांढरे ठिपके आलेल्या किंवा भिंतीला अंग घासणाऱ्या माशाला वेगळ्या टाकीत नेऊन उपचार करावेत. नवे मासेही दोन-तीन आठवडे वेगळे ठेवूनच मिसळावेत.

या पाण्यात शेणखत किंवा कोंबडीखत कधीच घालू नये आणि कबुतरे, उंदीर यांची विष्ठा त्यात पडू देऊ नये, कारण पोट बिघडवणारे जंतू तिथूनच येतात. पालेभाजी पानांना टाकीचे पाणी लागू न देता कापावी आणि पिण्याच्या पाण्याने धुऊनच खावी.