जुन्या कारमधला लपलेला गंज मोबाईलने कसा शोधायचा?

यवतमाळला घरची जुनी प्रीमियर पद्मिनी नीट करायला घेतली, तेव्हा दाराखाली रंगाला रुपयाएवढा फुगा दिसला. वाटलं, घासून रंग मारू. पण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. फुगा दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं.

चुंबक फिरवलं, तर एका जागी चिकटेचना. तिथे जाड पुट्टी निघाली! जवळचं पाणी निघायचं भोक मातीने बुजलं होतं. ते मोकळं करून फोनला जोडलेला टाईप-सी एंडोस्कोप कॅमेरा आत सोडला. मुंबईसारखी खारी हवा इथे नाही, तरी पावसाचं पाणी आत साचून पत्र्याची चाळणी झालेली.

पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, बॉडीच भार पेलते. त्यामुळे नुसती पुट्टी धोक्याची. योग्य क्रम असा:

१. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढा.
२. दाराच्या चौकटीला आधार द्या.
३. चांगलं लोखंड लागेपर्यंत पत्रा कापा.
४. तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करून घ्या.
५. प्रायमर लावा, मग आतून कॅव्हिटी वॅक्स फवारा.

जुनी गाडी घेताय? रंग नंतर बघा, आधी आत कॅमेरा टाका.