धग आणि वस्त्र

पनवेल-रोहे लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या दरम्यान असलेल्या, पेण तालुक्यातील जिते गावी चुलीपुढे बसलेल्या गृहिणीला, ज्वाळेचा स्पर्श न होताही गुडघ्यावरचे लुगडे तापून चटका बसतो. अणुस्फोटात वस्त्राची गत काय होते हे जाणावयाचे, तर याच धगीपासून आरंभ करणे इष्ट. हवेत घडलेल्या अणुस्फोटाच्या ऊर्जेपैकी सुमारे एकतृतीयांश ऊर्जा उष्णकिरणांच्या रूपाने बाहेर पडते, आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर सुमारे १५ किलोटनांचा बॉम्ब फुटला तेव्हा यातील बहुतांश धग अवघ्या दीड-दोन सेकंदांत ओतली गेली. कित्येक स्त्रियांच्या किमोनोवरील गडद नक्षी त्यांच्या त्वचेवर भाजून उमटली, फिक्या जागेखालची कातडी मात्र पुष्कळ बचावली. काळा रंग किरणे शोषितो, पांढरा परतवितो. याच पेण तालुक्यात, गागोदे गावी, १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी अंगावर वागविलेली शुभ्र खादी या एका बाबतीत तेवढ्याच जाडीच्या काळ्या सुतापेक्षा निश्चित सरस.

सुती कापड तापले म्हणजे त्यातील सेल्युलोजचे विघटन होऊन ज्वालाग्राही वाफ सुटते, आणि पेट घेते ती ही वाफ. अमोनियम फॉस्फेट, टाकणखार इत्यादी क्षारांच्या द्रावणात भिजविलेले कापड पेट धरीत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसाक याने १८२१ मध्ये दाखविले. फॉस्फेटच्या योगाने सेल्युलोज कमी तापमानालाच कोळसतो, पाण्याची वाफ अधिक निघते आणि जळाऊ वाफ घटते. हे क्षार धुण्यात निघून जातात, म्हणून पुढे धाग्यात पक्की बसणारी फॉस्फरसयुक्त संस्करणे प्रचारात आली.

असे वस्त्र अणुस्फोटाच्या झळीत काळे पडते, धुमसते, परंतु झळ सरताच विझते. पेटती मशाल होऊन माणसाला वेढीत नाही, आणि हा लाभ थोडा नव्हे. तथापि कोळसत असताना त्यातून आत शिरणारी उष्णता त्वचेला भाजतेच. सबब ‘अग्निरोधक’ या नावाने जेवढी हमी वाटते, तेवढी ते वस्त्र देऊ शकत नाही. दोन सैल थर आणि त्यांमधील हवा ही याहून मोठी तजवीज. नायलॉन, टेरिलीन मात्र वितळून अंगाला चिकटतात. स्फोटाच्या निकट तर कोणतेच वस्त्र पुरे पडत नाही.

अणुबॉम्बपासून वस्त्र वाचवील, असे कोणालाही सांगू नये. परंतु चुलीपुढे रोज बसणाऱ्या माउलीने नायलॉनची साडी बाजूस ठेवून जाड सुती लुगडे नेसावे आणि पदर खोचून घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.