न पोहणाऱ्यांची बेटयात्रा

सुटी जवळ आली कीं, आमच्या विद्यार्थ्यांत प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. कोणी महाबळेश्वरास जाणार असतो, तर कोणी कोंकणांत आजोळीं. क्वचित् एखादा म्हणतो, "आम्ही जहाजांतून बेटें पाहावयास जाणार!" लगेच दुसरा विचारतो, "तुला पोहतां तरी येतें कां?" आणि बिचाऱ्याचा उत्साह तेथेंच मावळतो. हा प्रश्न आम्हांलाहि कित्येकदां ऐकावा लागला आहे. कारण आम्हांला पोहतां येत नाहीं. तरीहि आम्ही लक्षद्वीपची यात्रा करून सुखरूप परत आलों. पोहतां न येणाऱ्यानें अशा यात्रेचा आनंद कसा घ्यावा, तें येथें थोडक्यांत सांगावें असा आमचा विचार आहे.

लक्षद्वीपचीं बेटें अरबी समुद्रांत, केरळच्या किनाऱ्यापासून दूर आहेत. सर्वांची जमीन मिळून सुमारें ३२ चौरस किलोमीटर, आणि वस्ती असलेलीं बेटें अवघीं १०. तेथें जाण्यास सरकारी प्रवेशपत्र लागतें. जहाज कोचीहून सुटतें व बेटाच्या अंतराप्रमाणें साधारण १४ ते १८ तास घेतें. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला.

जहाजावर पाऊल ठेवतांना छातींत धडधडतें खरें. पण जहाज प्रवाशाच्या पोहण्याच्या भरंवशावर चालत नसतें. लोखंडाचा गोळा बुडतो, पण त्याच लोखंडाचें पोकळ जहाज आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारतें व तरंगतें. हा आर्किमीडीजचा नियम आपण वर्गांत शिकलेलोंच आहों. जहाजावर गेल्याबरोबर लाइफ जॅकेटें कोठें ठेवलीं आहेत व संकटसमयीं कोठें जमावयाचें, हें पाहून ठेवावें. सात आंखूड व एक लांब असा भोंगा वाजला, तर तो सर्वांनीं नेमलेल्या जागीं जमण्याचा इशारा होय. बोट लागूं लागली तर खोलींत निजून राहूं नये. मोकळ्या हवेंत बसून क्षितिजाकडे पाहावें. कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय हालचाल सांगतें, आणि डोळ्यांना खोलीच्या भिंती मात्र स्थिर दिसतात. या विसंगतीनेंच मळमळ सुटते.

खरी कसोटी बेट आल्यावर लागते. पुष्कळ बेटांशीं मोठें जहाज किनाऱ्यास लागूं शकत नाहीं. तें बाहेर खोल पाण्यांत उभें राहतें व उतारूंना लहान होड्यांतून नेतात. आमच्या होडींतील खलाशानें विचारलें, "पोहतां कोणाला येत नाहीं?" आम्हांला लाज वाटली व आम्ही गप्प बसलों. तेवढ्यांत समोरच्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलानें निःसंकोचपणें हात वर केला. तें पाहून आम्हींहि हात वर केला, आणि पाहतां पाहतां अर्ध्या होडीचे हात वर झाले! खलाशानें प्रत्येकाच्या जॅकेटाचे पट्टे स्वतः आंवळून पाहिले. त्या मुलाचे उपकार आम्ही विसरलों नाहीं.

लाइफ जॅकेट माणसाला कसें तारतें, हें समजलें म्हणजे भीति पुष्कळ कमी होते. माणसाचें शरीर जवळजवळ पाण्याइतकेंच जड असतें. शिवाय एक लिटर गोड्या पाण्याचें वजन १००० ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचें सुमारें १०२५ ग्रॅम. म्हणून शरीर बहुतेक पाण्यानेंच तोललेलें असतें; नाक-तोंड पाण्याबाहेर राहण्यापुरता थोडा आधार काय तो हवा असतो, आणि तोच जॅकेट देतें. परंतु तें सैल असेल तर वर सरकून हनुवटीला अडकतें व माणूस खालीं राहतो. यास्तव आपल्या मापाचें जॅकेट घ्यावें, सर्व पट्टे लावावे, आणि पाण्यांत हातपाय न झाडतां शांत राहावें.

आतां आनंदाची गोष्ट. हीं बेटें पोवळ्यांचीं आहेत. पोवळें म्हणजे दगड नव्हे. अगदीं लहान जीव चुन्याचीं घरें बांधतात व पिढ्यान् पिढ्या त्यांवर नवीं घरें चढतात. बुडत्या ज्वालामुखी बेटाभोंवतीं पोवळ्यांची भिंत वाढत राहून शेवटीं नुसतें कंकण उरतें, अशी उपपत्ति चार्लस् डार्विन यानें १८४२ सालीं मांडली. ही भिंत बाहेरच्या लाटा अडविते. म्हणून आंतील पाणी तळ्यासारखें संथ, निळें-हिरवें व कित्येक ठिकाणीं कमरेइतकेंच खोल असतें. कांचेच्या तळाच्या नावेंत बसून अंग न भिजवितां ही सारी सृष्टि पाहतां येते. मिनिकॉय बेटावर १८८५ सालीं बांधलेलें उंच दीपगृह आहे. वर चढण्यास मिळालें तर तेथून पाण्याचे रंग अवश्य पाहावे.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. भिंतीला जेथें खिंड असते तेथें ओहोटीच्या वेळीं पाणी जोरानें बाहेर धांवतें. त्या बाजूस जाऊं नये. दुसरी ही कीं, घाबरलेला माणूस पाय टेकावयास जागा शोधतो व पोवळ्यांवर उभा राहतो. त्यानें पायहि कापतो आणि कित्येक वर्षांची वाढ एका क्षणांत मोडते. समुद्र तापल्यामुळें १९९८, २०१० व २०१६ सालीं तेथील पोवळ्यांची मोठी हानि झाली आहे. तींत आपण भर घालूं नये.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांना पोहणें अवश्य शिकवावें. आणि तोंपर्यंत "मला येत नाहीं" असें म्हणणाऱ्या मुलास कोणी हसूं नये. पाण्यांत जो धोका असतो, तो उणीव असल्यानें होतो त्याहून अधिक ती लपविल्यानें होतो. आम्हीहि आतां, या वयांत, शिकावयास आरंभ केला आहे!